सुट्टीत एक काम शिका: यवतमाळ जिल्ह्यातल्या वाटा

परीक्षा संपत आल्या की घरोघरी एकच चर्चा सुरू होते: पोरांना सुट्टीत कुठे गुंतवायचं? कॉलेजच्या मुलांना अर्जात लिहिता येईल असं काही सामाजिक काम हवं असतं. नोकरदारांना चार-आठ दिवस मोबाइल बाजूला ठेवून मोकळ्या हवेत जायचं असतं. तिघांच्याही गरजा भागतील असा एक मार्ग आहे. एखाद्या जाणत्या माणसाजवळ आठ दिवस राहायचं आणि हाताचं एक काम शिकायचं. त्यासाठी लांब जायला नको. यवतमाळ जिल्ह्यात कापूस आहे, बांबू आहे, टिपेश्वरचं जंगल आहे, पाणी अडवायला शिकलेली गावं आहेत. वर्धा नदी ओलांडली की आनंदवन आहे, आणि सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरवर सेवाग्राम.

जाण्याआधी एक गोष्ट मात्र स्वतःशी स्पष्ट करा. आठ दिवसांत तुमच्या हातून गावाचं भलं होणार नाही. नवख्या माणसाला कुदळ कशी धरायची इथपासून सांगावं लागतं. त्याच्या जेवणाची सोय करावी लागते, त्याला उन्हापासून जपावं लागतं. म्हणजे पहिले दोन-तीन दिवस तुमच्यामुळे गावाचं काम वाढतंच. तेव्हा ‘मदत करायला आलो’ हा आव सोडा आणि शिकायला जा. एकदा काम हाताला बसलं की दुसऱ्या, तिसऱ्या खेपेला तुमची मदतही खरी होईल.

ही रीत जुनी आहे

काम करत शिकण्याचा विचार आपल्या शेजारीच मांडला गेला. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. मुलांचं शिक्षण एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती उभं राहावं, ही गांधीजींची कल्पना तिथे चर्चेला आली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा आराखडा केला आणि पुढे ती नई तालीम म्हणून ओळखली गेली. गाडगेबाबांनी खराट्याने गाव झाडून आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी भजनाच्या जोडीने श्रमदान उभं करून वऱ्हाडातल्या माणसाला हीच गोष्ट शिकवली होती.

जगातही असे प्रयोग झाले. स्विस अभियंता पिएर सेरेसोल यांनी 1920 मध्ये, पहिल्या महायुद्धात बेचिराख झालेल्या वेर्दून परिसरातल्या एका फ्रेंच गावात स्वयंसेवकांचं श्रमशिबिर घेतलं. 1934 च्या बिहार भूकंपानंतर ते भारतात आले, गांधीजींना भेटले आणि साथीदारांसह पुनर्वसनाच्या कामाला लागले. 1971 मध्ये लंडनमधल्या सू कोपार्ड या सचिवपदावर काम करणाऱ्या बाईंनी शनिवार-रविवार सेंद्रिय शेतावर राबायला जाण्याची टूम काढली. शहरी माणसाने काम करायचं आणि शेतकऱ्याने जेवण-निवारा व ज्ञान द्यायचं, असा तो साधा व्यवहार होता. आज ‘वूफ’ या नावाने तो अनेक देशांत चालतो. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: काम खरं असतं आणि शिकवणारा त्यात मुरलेला असतो. आपली सुट्टी निवडताना हीच कसोटी लावा.

कोणतं काम, कोणत्या महिन्यात

हाताचं काम हंगामावर चालतं. त्यामुळे आधी तुमची सुट्टी कधी आहे ते पाहा आणि त्या दिवसांत चालू असलेलं काम निवडा. भर मे महिन्यात कापूस वेचायला मिळणार नाही आणि दिवाळीत समतल चर खणायला कोणी मोकळं नसेल.

एप्रिल-मे: पाणी अडवणं

जिल्ह्यात सरासरी नऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तरी मार्चपासून टँकरची भाषा सुरू होते, कारण उतारावरचं पाणी थांबत नाही. ते थांबवण्याचं तंत्र माथ्यापासून पायथ्याकडे येण्याचं आहे. वर समतल चर, मधल्या घळीत दगडी बांध, खाली नाल्यावर मोठी कामं. 2016 ते 2019 या काळात पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत जिल्ह्यातली गावंही उतरली होती आणि 1 मे रोजी शहरातले जलमित्र महाश्रमदानाला यायचे. त्या काळात प्रशिक्षण घेतलेली माणसं गावोगाव आहेत. ती आजही उत्तम शिक्षक ठरतात.

इथे खणण्याच्या आधी शिकायचं कौशल्य म्हणजे समपातळी रेषा आखणं. त्यासाठी लागणारी ‘ए’ आकाराची चौकट घरी करता येते. साधारण दोन मीटरच्या दोन सारख्या काठ्या वरच्या टोकाला बांधा, मध्ये आडवी काठी बांधा आणि शेंड्यापासून दोरीला दगड लटकवा. चौकट जमिनीवर उभी करून दोरी आडव्या काठीवर जिथे येते तिथे खूण करा. मग दोन्ही पायांच्या जागांची अदलाबदल करून दुसरी खूण करा. दोन खुणांचा मध्य काढा. दोरी त्या मध्यावर आली की दोन्ही पाय एका पातळीत आहेत असं समजा. ही चौकट फिरवत फिरवत टेकडीवर फक्कीने रेषा मारत जायचं.

समतल चर बहुधा 60 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर खोल असतो. म्हणजे एक मीटर लांबीच्या चरात एका वेळी 180 लिटर पाणी मावतं. काढलेली माती चराच्या खालच्या अंगाला टाकायची, वरच्या नाही. नाहीतर पहिल्याच पावसात ती परत चरात येते. टिकास, सब्बल, फावडं आणि घमेलं ही हत्यारं. श्रमदान पहाटे सुरू करून ऊन चढायच्या आत संपवायचं. पारा 44-45 अंशांवर जातो तेव्हा दहा वाजल्यानंतर राबण्यात शौर्य नाही.

मोठ्या शिबिरात जायचं असेल तर बाबा आमटे यांनी सुरू केलेली सोमनाथची श्रमसंस्कार छावणी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळच्या सोमनाथ प्रकल्पात मे महिन्याच्या मध्यावर महाराष्ट्रभरातली तरुण मुलं जमतात. पहाटेचं श्रमदान, दिवसा चर्चा आणि संध्याकाळी गाणी असा तिथला क्रम असतो. एकट्याने अनोळखी गावात जायला बिचकणाऱ्याने पहिली सुट्टी इथे घालवावी.

मे अखेर ते जून: बियाणं आणि निंबोळी

पेरणीच्या तोंडावरची दोन कामं शाळकरी मुलांनाही जमतात आणि शेतकऱ्याच्या लगेच उपयोगी पडतात.

पहिलं काम सोयाबीनच्या उगवणशक्तीच्या चाचणीचं. घरच्या बियाण्यातून सरसकट शंभर दाणे मोजून घ्या. निवडून चांगले-चांगले घेऊ नका. गोणपाट भिजवून पसरा, त्यावर दहा-दहाच्या ओळीत दाणे मांडा, वरून दुसरं ओलं गोणपाट झाका आणि गुंडाळी करून सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा. सात-आठ दिवसांनी उघडून चांगले कोंब आलेले दाणे मोजा. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर बियाणं पेरायला योग्य. त्याहून कमी निघाले तर बियाण्याचं प्रमाण वाढवावं लागतं आणि फारच कमी असतील तर बियाणंच बदलावं लागतं. आठ दिवसांच्या मुक्कामात एखाद्या मुलाने गावातल्या दहा घरांच्या बियाण्याची अशी चाचणी करून वहीत नोंद ठेवली, तर ती फुकट गेलेली सुट्टी म्हणता येणार नाही.

दुसरं काम निंबोळी अर्काचं. जूनच्या सुमाराला निंबाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडतो. त्या वेचून, गर काढून, धुऊन सावलीत वाळवून ठेवायच्या. अर्क फवारणीच्या वेळी ताजा करायचा. पाच किलो वाळल्या निंबोळ्यांची भरड आठ-दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून पिळून गाळा, त्यात दोनशे ग्रॅम साबणाचं पाणी मिसळा आणि एकूण शंभर लिटर होईल इतकं पाणी घाला. हा झाला पाच टक्क्यांचा अर्क. रस शोषणाऱ्या किडी आणि अळीच्या सुरुवातीच्या अवस्थेत तो चालतो.

नैसर्गिक शेती समजून घ्यायची असेल तर यवतमाळचे शेतकरी सुभाष शर्मा यांच्या कामाची माहिती आधी वाचा. त्यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. कोणत्याही शेतकऱ्याकडे पेरणीच्या घाईत न सांगता जाऊन धडकू नका. जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्राकडे चौकशी केली तर प्रशिक्षणाचे दिवस कळतात आणि कोणता शेतकरी शिकवायला तयार आहे तेही कळतं.

जुलै ते सप्टेंबर: थोडक्यात, आणि एक ताकीद

पावसाळ्यात मोठी सुट्टी नसते. पण रोपवाटिकेत पिशव्या भरणं, कलम बांधणं, रोपं लावून त्यांना आळं करणं ही कामं शनिवार-रविवारी शिकता येतात. सीडबॉल फेकण्याचे कार्यक्रम फोटोला छान दिसतात, त्यातून शिकायला मात्र फारसं मिळत नाही. त्यापेक्षा वीस रोपं लावा आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यांतली किती जगली ते मोजायला परत जा.

ताकीद फवारणीबद्दल आहे. 2017 च्या खरिपात याच जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. माणसाच्या उंचीच्या पऱ्हाटीत, दमट हवेत, पुरेशी संरक्षक साधनं नसताना फवारणी चालली होती. शिकाऊ माणसाने रासायनिक फवारणीच्या पंपाला हात लावू नये. फवारणी झालेल्या वावरात त्या दिवशी शिरूही नये. शेतमालक ‘काही होत नाही’ म्हणाला तरी ऐकू नका.

दिवाळीची सुट्टी: कापसापासून सुतापर्यंत

यवतमाळ कापसाचा जिल्हा. तरी यवतमाळ शहरात वाढलेल्या कित्येक मुलांनी बोंडातून कापूस स्वतः काढलेला नसतो. दिवाळीची सुट्टी त्यासाठी अगदी योग्य. पहिल्या वेचणीआधी शेतात सीतादही केली जाते. घरच्यांनी बोलावलं तर त्या पूजेला जरूर जा. मग बायांच्या रांगेत उभं राहून वेचणी शिका.

दव सुकल्यावरच वेचायचं, कारण ओला कापूस गंजीत पिवळा पडतो. पूर्ण उमललेलं बोंडच घ्यायचं. कापसाला वाळलेल्या पानांची पत्ती लागू द्यायची नाही. किडकी कवडी वेगळ्या ओट्यात टाकायची. हे ऐकायला सोपं वाटतं, पण अर्ध्या तासात बोटांच्या कडा बोंडांच्या टोकांनी ओरखडतात आणि शेजारची बाई तुमच्या चौपट वेचून पुढे गेलेली असते. मजुरीचा दर किलोवर ठरतो; त्या दराने तुमची दिवसभराची कमाई किती झाली असती याचा हिशेब संध्याकाळी जरूर करा. कापसाच्या भावाच्या बातम्या त्यानंतर वेगळ्या कळतात.

पुढचा टप्पा जिनिंगचा. शंभर किलो कापसातून साधारण एक तृतीयांश रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. एखाद्या जिनिंग कारखान्यात परवानगी काढून हे पाहता येतं. त्यानंतर वर्ध्याला जा. तिथल्या मगन संग्रहालयाचं उद्घाटन 1938 मध्ये गांधीजींच्या हस्ते झालं. ग्रामोद्योगाची अवजारं, चरख्यांचे प्रकार आणि नैसर्गिक रंगांची खादी तिथे पाहायला मिळते. गोपुरीचं ग्रामसेवा मंडळ विनोबांच्या प्रेरणेने 1934 पासून उभं आहे. सेवाग्राम आश्रमात आजही सूतकताई चालते. पिंजणं, पेळू करणं, टकळीवर धागा काढणं या क्रमाने शिका आणि चरख्याला शेवटी हात लावा. टकळी एका दिवसात फिरवता येते, पण न तुटणारा, सारख्या जाडीचा धागा काढायला काही आठवडे जातात. म्हणून परत येताना टकळी आणि पेळू घेऊन या आणि रोज अर्धा तास काता.

नाताळ-संक्रांतीचे दिवस: बांबू आणि कशिदा

झरी-जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी, राळेगाव या भागांत कोलामांची पोडं, म्हणजे वस्त्या, आहेत. कोलाम ही महाराष्ट्रातल्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक जमात, आणि तिच्यातले अनेक जण बांबूकामात वाकबगार. टोपली, सूप, ताटवे, धान्याची ढोली अशा रोजच्या वापराच्या वस्तू ते करतात. गावोगावचे बुरडही तेवढेच तरबेज.

या कामात अर्धं कौशल्य विणण्याच्या आधीचं असतं. बांबू तीन वर्षांचा तरी झालेला हवा. कोवळा बांबू वाळला की आक्रसतो आणि त्याला लवकर कीड लागते. तोड हिवाळ्यात करतात, पावसाळ्यात कोंब फुटत असताना बेटाला हात लावत नाहीत. मग बांबू फाडणं, कामट्या काढणं, त्या सारख्या जाडीच्या सोलणं. शिकाऊ माणसाने पहिले दोन दिवस यापलीकडे जाऊ नये. बोटांना चिरा पडतात म्हणून चिकटपट्टी जवळ ठेवा. तिसऱ्या दिवशी साधी चटई किंवा ताटवा, पाचव्या दिवशी टोपलीचं बूड. बूड जमलं की बाकीची टोपली आपोआप वर चढते.

हे काम पुढे व्यवसाय म्हणून करण्याचा विचार असेल तर एक बदल माहीत असू द्या. 2017 मध्ये भारतीय वन कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेर वाढवलेला बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून निघाला. त्यामुळे शेताच्या धुऱ्यावर बांबू लावणाऱ्याचा मार्ग सोपा झाला. आधुनिक पद्धतीचं प्रशिक्षण हवं असेल तर चंद्रपूरजवळ चिचपल्लीचं बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, आणि मेळघाटात लवादा इथे संपूर्ण बांबू केंद्र आहे.

पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी भागांतल्या बंजारा तांड्यांत भरतकाम शिकता येतं. फेटिया-कांचळी या पारंपरिक पोशाखावर आरसे, कवड्या आणि रंगीत धाग्यांचा कशिदा करणाऱ्या जुन्या बाया अजून आहेत. मात्र नव्या पिढीत हे काम कमी झालंय. एका टाक्यात आठ दिवस घालवा. दहा टाके उडत-उडत पाहण्यापेक्षा ते बरं.

जंगलाची आवड असेल तर

टिपेश्वर अभयारण्य सुमारे 148 चौरस किलोमीटरचं, पैनगंगा अभयारण्य उमरखेडच्या बाजूला. वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेच्या रात्री वन विभाग पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर बसून प्राण्यांची नोंद करण्याचा उपक्रम घेतो, त्यासाठी आधी नाव नोंदवावं लागतं. या उपक्रमात वाघ दिसो न दिसो, शिकण्यासारखं कौशल्य आहे नोंद ठेवण्याचं: वेळ, प्राणी, संख्या, दिशा, वागणं. गप्प बसायचं आणि जे दिसलं तेवढंच लिहायचं, हे भल्याभल्यांना जड जातं.

जंगल इथे खरंच जागं आहे. 2019 मध्ये टिपेश्वरमधून निघालेला कॉलर लावलेला एक तरुण वाघ शेकडो किलोमीटर चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला होता. त्याआधी 2018 मध्ये राळेगाव-पांढरकवडा परिसरातली माणसं माणसांवर हल्ले करणाऱ्या टी-1 वाघिणीच्या भीतीखाली जगली होती. म्हणून पहाटे किंवा संध्याकाळी एकट्याने जंगलाच्या कडेला फिरू नका आणि गावकऱ्यांसमोर वाघाच्या कौतुकाची भाषणं देऊ नका. ज्यांच्या घरातलं माणूस किंवा गुरं गेली, त्यांचं आधी ऐकून घ्या.

जागा कशी शोधायची, काय विचारायचं

कॉलेजमध्ये असाल तर राष्ट्रीय सेवा योजना हा सगळ्यात जवळचा दरवाजा. 24 सप्टेंबर 1969 रोजी सुरू झालेल्या या योजनेत दोन वर्षांत 240 तासांचं काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर असतं. शिबिर म्हणजे फक्त प्रभातफेरी आणि पाहुण्यांची भाषणं होऊ नयेत असं वाटत असेल, तर कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे आधीच मागणी करा: ‘सर, यंदा आम्हाला एक काम पूर्ण शिकू द्या.’ अठरा वर्षांवरच्या ग्रामीण युवकांसाठी जिल्ह्याच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत निवासी अभ्यासक्रम मोफत असतात. पोटापाण्यासाठी शिकायचं असेल तर आधी तिकडे जा.

संस्थेला किंवा कारागिराला निरोप पाठवताना गोलमोल लिहू नका. असा निरोप पुरतो: ‘नमस्कार. आम्ही दोघे, वयं 19 आणि 22, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आठ दिवस येऊ शकतो. बांबूच्या कामट्या काढणं आणि टोपली विणणं शिकायचं आहे. पूर्वी हे काम केलेलं नाही. जेवणाचा आणि सामानाचा खर्च आम्ही देऊ, शिकवणाऱ्याची रोजी देऊ. तुमच्याकडे त्या दिवसांत हे काम चालू असतं का? नसेल तर कधी यावं?’

समोरून ‘या, या, काहीतरी करू’ असं उत्तर आलं तर पुन्हा विचारा. रोज किती तास काम, शिकवणार कोण, झोपायची आणि संडासाची सोय काय, मुलींसाठी वेगळी जागा आहे का, जवळचा दवाखाना किती दूर, या पाच प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय तिकीट काढू नका. अल्पवयीन मुलांसोबत घरचं मोठं माणूस हवंच. पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांनी धामणगाव स्टेशनवर उतरून एसटीने यवतमाळ गाठावं.

पैशांचा आणि मानाचा व्यवहार

कारागीर तुम्हाला शिकवतो तेव्हा त्याचं त्या दिवसाचं काम मागे पडतं. त्याची रोजी द्या, वाया गेलेल्या बांबूचे पैसे द्या. पैसे देण्याने आपुलकी कमी होते हा शहरी समज आहे.

दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा: तुमच्या फुकटच्या हातांनी कुणाची मजुरी जाता कामा नये. 1972 च्या दुष्काळातून महाराष्ट्रात रोजगार हमी आली, ती मातीकामाला मोल असावं म्हणूनच. ज्या कामावर गावातल्या माणसांना मजुरी मिळायला हवी तिथे फुकट राबू नका. कापूस वेचायला जाल तर शेतकऱ्याला आधी सांगा, ‘बायांची संख्या कमी करू नका, आम्ही वेचलेला कापूस त्यांच्या ओट्यात टाकू.’

पोडात किंवा तांड्यात गेल्यावर आधी नाईकांना भेटा, येण्याचं कारण सांगा. बायांना मावशी, काकू म्हणा. वयाने मोठ्या कारागिराला काका किंवा दादा म्हणा, ‘ए भाऊ’ करू नका. कोलामी, गोंडी, गोरबोलीतले चार शब्द शिका. विचारल्याशिवाय फोटो नकोत आणि लहान मुलांना चॉकलेट वाटत फिरू नका. जे ताटात येईल ते खा. ज्वारीची भाकर आणि ठेचा मानवत नसेल तर आधीच सांगा, ऐन वेळी नाक मुरडू नका.

झोळीत काय, अंगात काय

पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, दुपट्टा किंवा शेला, बंद बूट, पाण्याची बाटली, टॉर्च, वही-पेन, नेहमीची औषधं, मीठ-साखर. उन्हात चक्कर आली, घाम थांबला, बोलणं असंबद्ध झालं तर तो उष्माघात असू शकतो. माणसाला सावलीत नेऊन ओल्या कापडाने अंग गार करा आणि दवाखाना गाठा. रात्री टॉर्चशिवाय पाय बाहेर टाकू नका, जमिनीवर झोपावं लागलं तर मच्छरदाणी गादीखाली खोचा. नाग, मण्यार, घोणस हे तिन्ही विषारी साप या भागात आहेत. दंश झाला तर चिरा देणं, दोरी आवळणं, मांत्रिक यांत वेळ घालवू नका. 108 वर फोन करा आणि ग्रामीण रुग्णालयात चला.

आठ दिवसांची आखणी

पहिल्या दिवशी पाहा आणि सामान उचला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कामातली सगळ्यात सोपी पायरी पुन्हा पुन्हा करा. चौथ्या-पाचव्या दिवशी पुढची पायरी, शिकवणारा शेजारी बसलेला असताना. सहाव्या दिवशी एक वस्तू किंवा एक तुकडा संपूर्ण स्वतः करा. सातव्या दिवशी तेच काम दुसऱ्या नवख्याला समजावून सांगा. जिथे अडाल तिथे तुम्हाला अजून कळलेलं नाही. आठव्या दिवशी गुरूकडून चुका काढून घ्या आणि रोज रात्री लिहिलेली वही त्यांना वाचून दाखवा. चुकीचं लिहिलं असेल तर ते सांगतील.

घरी आल्यावरचे सहा आठवडे मुक्कामाइतकेच मोलाचे आहेत. सराव सुटला की शिकलेलं काम हातातून जातं. परत आल्याच्या पहिल्या रविवारी तेच काम घरी करा. शाळेच्या मैदानावर ए-चौकट लावून पाहा, शेजारच्या काकांच्या बियाण्याची चाचणी करा, आजीला टकळी दाखवा. तिला कदाचित तुमच्यापेक्षा चांगली येत असेल. ज्या गावात शिकलात तिथे वर्षभरात एकदा तरी परत जा. पहिल्या खेपेला तुम्ही पाहुणे असता, दुसऱ्या खेपेला कामाचा माणूस म्हणून ओळखले जाता.

पुढची सुट्टी कधी आहे ते आजच कॅलेंडरवर पाहा. त्या महिन्यात जिल्ह्यात चालणारं एकच काम निवडा आणि या आठवड्यात वरच्यासारखा एक निरोप पाठवा. नकार आला तर दुसरीकडे विचारा. शिकवायला तयार असलेली माणसं जिल्ह्यात पुष्कळ आहेत, त्यांच्या दारात वेळ ठरवून जाणारी कमी आहेत.